घाटाच्या वळणावरची नववी वाघीण

हे प्रकरण एका वाघिणीचं आहे, म्हणजे आमच्या मॉडेल रेल्वेतल्या मालगाडीच्या नवव्या डब्याचं. चार चाकांची, बंद डब्याची, रिकामी, वजन २२ ग्रॅम. गेल्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या रविवारपर्यंत आमच्या लेआउटवर (लहान रूळ टाकून उभारलेल्या घाटाच्या प्रतिकृतीवर) एकूण ४१ वेळा गाडी घसरली. त्यातल्या ३३ वेळा दूधसागरच्या अलीकडच्या एकाच वळणावर, आणि त्या ३३ पैकी २९ वेळा सर्वांत आधी उतरली ती हीच वाघीण. हे आकडे माझ्या भाचीच्या वहीतले. ती दहावीत आहे. प्रत्येक घसरणीची तारीख, वेळ, गाडीतला कितवा डबा आणि भिंतीवरच्या, हवेतला ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा लिहून ठेवायची सवय तिने स्वतःहून लावून घेतली. ती वही नसती तर आम्ही आजही इंजिनालाच दोष देत बसलो असतो.

लेआउट कुडचड्याला आमच्या जुन्या घरात आहे. पूर्वी भात साठवायची खोली होती, ५ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद. तिच्या तीन भिंतींना धरून कुळे ते कॅसलरॉक हा घाट आम्ही उभा केलाय. आम्ही म्हणजे मी (व्यवसायाने वायरिंगवाला), थ्रीडी प्रिंटिंग करणारा माझा मावसभाऊ, भाची आणि गार्डकाका. काका शेजारचे. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी याच घाटात मीटरगेजच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात काढली. आज ऐंशीच्या आसपास आहेत, पण कुठल्या स्टेशनात पाण्याचा खांब कुठे होता, हे विचारलं तर डोळे मिटून बोट दाखवतात.

हाच घाट का, तर तो आमच्या दारातून जातो. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची वाट १८८८ मध्ये पुरी झाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ती निघाली, लंडनमध्ये भांडवल उभारलेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने ती बांधली, आणि कॅसलरॉकला ती सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. १९५५ मध्ये नाकेबंदीच्या काळात हद्दीपलीकडची वाहतूक थांबली, मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली आणि मार्ग दक्षिण रेल्वेकडे गेला. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली. आमचा लेआउट मुक्ती आणि ही तारीख यांच्या मधल्या तीन-चार वर्षांतला आहे. त्यामुळे सगळी इंजिनं वाफेची, सिग्नल हाताचे, आणि गाडी सोडायची परवानगी गोळ्यावर (तो काय, ते पुढे सांगतो).

माप १:८७, म्हणजे एचओ. मीटरगेजचे १००० मिलिमीटर या मापात साडेअकरा होतात, त्याला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो. याच रुंदीचा रूळ १:१२० मापाच्या टीटी गाड्यांनाही लागतो, म्हणून टीटीचं चालतं यंत्र घेऊन त्यावर वायजी या मीटरगेजच्या मालगाडी-इंजिनाचं छापलेलं धूड बसवायची वाट मोकळी होते. वायजीची चालकचाकं ४ फुटांची, १:८७ मध्ये १४ मिलिमीटर. आमची थोडी लहान आहेत. काकांनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं, आणि काही न बोलता इंजिन उलटं करून ब्रेकचे ठोकळे कुठे लावलेत ते बघत राहिले.

खरा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. १:८७ मध्ये तो ३०० मीटर होईल. आमच्या वाट्याला चढाचे ९ मीटर आले. १ इंच चढायला ४० इंच चाल असा चढ ठेवला, त्यामुळे कुळ्याहून कॅसलरॉक साडेबावीस सेंटिमीटर वर आहे. दूधसागरची उंची ३१० मीटर. मापात धरली तर साडेतीन मीटर, म्हणजे कौलं फोडून वर जाईल. आम्ही तो १ मीटर १० सेंटिमीटरवर आणला. पूल मात्र मापाबरहुकूम केला, कारण बघणारा आधी पुलाकडे बघतो आणि धबधबा त्याच्या मागे आपोआप उंच वाटतो. वळणांची त्रिज्या ६०० मिलिमीटर, खऱ्यात ५२ मीटर. भारतीय मीटरगेजवर १६ अंशांपेक्षा, म्हणजे सुमारे १०९ मीटर त्रिज्येपेक्षा आकुंचित वळण घालत नाहीत. आमचं वळण त्याच्या निम्म्यावर आहे. खोलीत दुसरा उपाय नव्हता, पण हे आखडलेपण पुढे अंगाशी आलं.

दोन गोष्टी एकदमच आल्या

रूळ टाकले फेब्रुवारीत. शिगम्याच्या (होळीच्या) दिवसांत एक इंजिन आणि सहा वाघिणींची गाडी घाट चढत होती. एकदाही घसरली नाही. सहाच्या पुढे गेलं की चाकं जागच्या जागी फिरायची. इंजिनाचं वजन १२० ग्रॅम आणि स्प्रिंगकाट्यावर सपाटीला ओढ २६ ग्रॅम. याचं मला वाईट वाटलं नाही. उलट आनंद झाला. या घाटात गाडीला मागून इंजिन लागायचं ते एकट्याला झेपत नसे म्हणूनच, आणि बारा वाघिणींच्या गाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन देणं हेच तर आम्हाला करून बघायचं होतं.

दुसरं इंजिन मेच्या अखेरीस तयार झालं. डीसीसीवर चालवतो, म्हणजे रुळात कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम ऐकतो. दोन्ही इंजिनांना एकाच पत्त्यावर बांधून एका हातातल्या कंट्रोलरने चालवता येतात. आम्ही तेच केलं. पाच जूनच्या आसपास बारा वाघिणींची पहिली गाडी कॅसलरॉकला पोचली. काका खुर्चीवरून उठले आणि मागच्या इंजिनाच्या धुराड्यावर बोट टेकवलं.

आणि मग पाऊस आला.

घोटाळा नेमका इथे झाला. बँकर आणि पावसाळा दोन आठवड्यांच्या अंतराने आले. तिसऱ्या आठवड्यात घसरणं सुरू झालं तेव्हा नवीन गोष्ट डोळ्यांसमोर एकच होती, मागचं इंजिन. पावसाकडे आमचं लक्षच गेलं नाही. कोकणी माणसाला पाऊस ही नवी गोष्ट वाटत नाही.

महिनाभर मी बँकरच्या मागे लागलो. दोन्ही इंजिनांची गती जुळवली. डिकोडरमध्ये सुरुवातीच्या, मधल्या आणि कमाल गतीसाठी वेगवेगळे आकडे देता येतात, सीव्ही २, ६ आणि ५ या सेटिंगांत. रुळावर एक मीटरच्या दोन खुणा करून घड्याळ लावून दोघांना वेगवेगळं पळवलं. मागचं इंजिन मंद गतीला पुढच्यापेक्षा थोडं चपळ निघालं. ते दुरुस्त केलं. आठवड्याला आठ घसरणी होत होत्या, त्या पाचावर आल्या. म्हणजे रोग इथेच आहे, अशी माझी खात्री झाली.

चाचणी जी चाचणी नव्हती

खात्री पक्की करायला जुलैच्या मध्याला बँकर काढला. सहा वाघिणी, एक इंजिन, चाळीस फेऱ्या. एकही घसरली नाही. मी मावसभावाला म्हटलं, प्रश्न मिटला, बँकरची मोटर बदलूया.

भाची वही बघत होती. म्हणाली, "मामा, पण या सहांत नववी वाघीण होतीच कुठे?"

नव्हती. सहा वाघिणींची गाडी लावताना मी पुढच्या सहा घेतल्या होत्या. जी २९ वेळा उतरली ती शेडमध्ये उभी होती. चाळीस फेऱ्या वाया गेल्या नाहीत, पण त्यांनी सिद्ध काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला सहांच्या गाडीत चौथ्या जागी लावलं. बँकर नाही. चाळीस फेऱ्या, घसरण शून्य. मग बारांच्या गाडीत बँकर लावून तिला तिसऱ्या जागी घेतलं: वीस फेऱ्यांत एक घसरण. परत नवव्या जागी: वीस फेऱ्यांत सहा. आता चित्र उघडं पडायला लागलं. ओढली तर ती जाते. ढकलली की उतरते. आणि उतरते ते एकाच ठिकाणी, वळणावरच्या जोडाच्या बोटभर पुढे.

वळणावर ओढलेली गाडी आतल्या बाजूला ताणली जाते, दोरी ताणली की सरळ व्हायला बघते तशी. ढकललेली गाडी बाहेरच्या रुळावर दाबली जाते. पुढे एक आणि मागे एक इंजिन असलं की गाडीचा पुढचा भाग ताणलेला आणि मागचा दाबलेला असतो, आणि बँकरच्या जवळ जाल तसा दाब वाढतो. मग बारावी का उतरत नव्हती? कारण बारावी आमची ब्रेकव्हॅन, चांगली जड. आठवी आहे लांब बोगीची उघडी वाघीण. तिचं टोक वळणावर बरंच बाहेर जातं, आणि आखूड चार चाकी नववीचं जात नाही. दोघींच्या कपलिंगमध्ये वळणावर तिरपेपण येतं, म्हणून मागचा धक्का नववीला सरळ न लागता आडवा लागतो.

एवढं कळल्यावरही मी डिकोडरकडेच निघालो होतो. काकांनी थांबवलं. "पुता, पयलीं रूळ पळय, मागीर इंजिन." आधी रूळ बघ, मग इंजिन.

पट्टी आणि कागद

काकांनी एक फुटाची स्टीलची पट्टी मागितली आणि झेरॉक्सचा कागद बोटाएवढ्या पट्ट्यांत कापायला सांगितला. साध्या ८० जीएसएमच्या कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग असते, हे मला नंतर उमजलं. त्यांना ते कायमचं ठाऊक होतं. स्टीलची पट्टी उभी धरून जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळावर टेकवायची, आणि जिथे फट दिसेल तिथे कागदाचे तुकडे एकावर एक सारायचे, पट्टीला घट्ट लागेपर्यंत.

आतल्या रुळावर एक कागद गेला. बाहेरच्या रुळावर सहा.

भाचीने टॉर्च आडवा धरला होता. त्या उजेडात जोडाच्या अलीकडचा रूळ वर उचललेला आणि पलीकडचा खाली, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसलं. इतके दिवस आम्ही वरून बघत होतो. वरून रूळ सरळच दिसतो.

सहा कागद म्हणजे ०.६ मिलिमीटर. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या अमेरिकन संस्थेने एचओच्या चाकाचा जो प्रचलित आकार ठरवलाय त्यात चाकाची कड रुळाच्या माथ्याखाली साधारण ०.६४ मिलिमीटर उतरते. गाडीला रुळावर धरून ठेवणारं सगळं भांडवल एवढंच. आता वाघिणीचं बघा. मावसभावाने छापलेली चौकट एकसंध, दोन्ही आस घट्ट. मागचं बाहेरचं चाक उंचवट्यावर आहे आणि पुढचं बाहेरचं चाक उंचवटा ओलांडून गेलंय. चौकट वाकत नाही, म्हणून पुढचं चाक खाली टेकत नाही. चार पायांचं टेबल उंचसखल जमिनीवर तीन पायांवर उभं राहतं, तसं. हवेत लटकलेल्या चाकाची कड रुळाच्या माथ्याच्या बरोबरीला आलेली असते, वजन अवघं २२ ग्रॅम, आणि नेमक्या त्या क्षणी मागून आडवा धक्का येतो. ती उतरणारच. आणि ओढली जात असताना ती आतल्या रुळाकडे झुकलेली असते, त्यामुळे तेच लटकलेलं चाक काही बिघडवत नाही. फेब्रुवारीत तर उंचवटाच नव्हता.

उंचवटा आला कुठून, तर माझ्या एका निर्णयातून. लेआउटचा बहुतेक पाया मी मरीन प्लायचा केला, आयएस ७१० शिक्क्याचा, कारण गोव्यात दुसरं काही टिकत नाही हे रोजच्या कामातून माहीत होतं. त्या कोपऱ्यात मात्र प्लाय संपला. वळण गोल कापायला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सोपा, धार गुळगुळीत येते, म्हणून तेवढाच एक तुकडा १२ मिलिमीटरच्या एमडीएफचा टाकला. त्याच्या कापलेल्या कडा बंद केल्या नाहीत. त्याची बाहेरची कड पश्चिमेच्या भिंतीपासून दोन बोटं लांब होती. ती चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते. जुलैत तिला हात लावला की तळवा दमट होतो. आतली कड प्लास्टरच्या डोंगराखाली झाकलेली. म्हणून बाहेरची कड फुगली, आतली फुगली नाही. कॅलिपर लावला तर भिंतीकडे १२ चे १२.७ झाले होते. शेजारचा प्लाय होता तिथेच.

दुसरं, जोड उघडला होता. लोकांना वाटतं उन्हाने रूळ वाढतो म्हणून सगळी भानगड होते. निकेल सिल्व्हरचा ४ मीटर रूळ १० अंशांच्या फरकाने जेमतेम ०.७ मिलिमीटर वाढतो. खरी हालचाल खालच्या लाकडाची, आणि ती उष्म्याने नाही, ओलाव्याने होते. वही काढून बघितलं: शिगम्याला हायग्रोमीटर ५८ वर होता, श्रावणात ८८. हवा थंड झाली म्हणून रूळ किंचित आखडला, त्याच वेळी खालचा पाया फुगून पसरला. दोन्ही गोष्टी जोड उघडण्याच्याच दिशेने गेल्या. बाहेरच्या रुळाच्या फटीत नऊ कागद मावले. वहीतली प्रत्येक घसरण हायग्रोमीटरच्या आकड्याशेजारी मांडली तेव्हा ८० च्या खाली फक्त तीन निघाल्या. पुरावा दीड महिना आमच्या घरात पडून होता.

चवथीपुरती दुरुस्ती

चवथीला घर भरतं. माटोळीखाली आरती झाली की पोरंटोरं या खोलीकडे धाव घेतात, हे ठरलेलं. हातात पंधरा दिवस होते. पाया बदलायला तेवढे पुरणारे नव्हते, आणि भर श्रावणात लाकूड बसवणं म्हणजे फुगलेल्या लाकडावर रूळ ठोकणं. ते जानेवारीत आखडलं की रूळ साप होऊन उभा राहील. मेस्तानेही (सुतारानेही) हात लावायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून जोड तिथून हलवला. वळणावरचे रूळ काढून, दोन लांब सलग रूळ सपाटीवरच आधी डाख देऊन जोडले आणि मग एकत्र वाकवून बसवले, म्हणजे पूर्ण वळणात मोकळा जोड एकही राहिला नाही. फटी वळणाच्या आधीच्या आणि नंतरच्या सरळ भागात ठेवल्या, तिथे आडवा धक्का नसतो. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर दिली, कारण रूळ जोडणाऱ्या सैल फिशप्लेटवर विजेचा भरवसा ठेवणं हे वायरिंगवाल्याने तरी करू नये. एमडीएफची फुगलेली कड घासून सपाट केली नाही. आखडल्यावर तिथे खड्डा झाला असता. उलट प्लायच्या बाजूला कॉर्कखाली जाड कागदाच्या उतरत्या थराची पाचर भरली, हातभर लांबीची. उंचवट्याचा उतार झाला. कागद पुन्हा सारून बघितले: दोन.

वाघिणींच्या वजनाचा प्रश्न जास्त अडचणीचा होता. त्याच अमेरिकन संस्थेचा एचओसाठीचा ठोकताळा असा: १ औंस, आणि दर इंच लांबीमागे अर्धा औंस. आमची वाघीण ७० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच. हिशेबाने ६७ ग्रॅम भरायला हवी. पण तेवढ्या वजनाच्या बारा वाघिणी या चढावर दोन इंजिनांनाही ओढवल्या नसत्या. शिवाय या घाटाचं एक खरं सांगतो. खनिज वरून भरून खाली बंदराकडे यायचं, वर जायच्या त्या रिकाम्या वाघिणी. चढणारी गाडी हलकी असणं हे इथे वास्तवाला धरूनच आहे. शेवटी ४५ ग्रॅमवर थांबलो. मडगावच्या बाजारात गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या चपट्या करून डब्याच्या तळाशी चिकटवल्या. इंजिनांच्या बॉयलरमध्येही शिसं भरून त्यांना १५० ग्रॅमवर नेलं, ओढ ३३ ग्रॅम झाली. आता ही गाडी दोघांना पुरते आणि एकट्याला झेपत नाही, हे मला फार आवडलं.

मावसभावाने चार चाकींच्या चौकटी नव्याने छापल्या. एक आस घट्ट, दुसरी मधोमध एका खिळ्यावर डुलणारी. तीन ठिकाणी टेकलेली वस्तू कधी डगमगत नाही, आणि डुलणारी आस रुळाचा वेडेवाकडेपणा स्वतःत घेते. कागदाच्या दहा पट्ट्या मुद्दाम रुळाखाली घालून नववीला त्यावरून ढकललं. चारही चाकं रुळावर. मावसभाऊ ती वाघीण बराच वेळ पुढेमागे करत बसला होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. गिट्टीसाठी आम्ही इथलीच लाल माती चाळून वापरली. रंग हुबेहूब येतो. पण ओतण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवला तर काळी कणी झुपक्याने चिकटून आली. ती मोटरच्या चुंबकापर्यंत पोचली असती तर इंजिन गेलं असतं. गोव्याची माती वापरणाऱ्याने चुंबक तीनदा फिरवावा.

गोळा

रूळ, वजन, चौकट, तिन्ही झाल्यावर बारांची गाडी साठ फेऱ्यांत दोनदा घसरली. वाईट नाही, पण शून्यही नाही. दोन्ही वेळा जागा तीच होती, आणि दोन्ही वेळा पुढचं इंजिन वळणात किंचित अडखळलं होतं. दोन्ही इंजिनं एका पत्त्यावर बांधलेली. पुढचं अडखळलं तरी मागचं ढकलतच राहतं. त्यात आमच्या डिकोडरला भार वाढला की आपणहून जोर वाढवायची सोय आहे, एरवी ती फार चांगली. पण बँकरमध्ये तिचा अर्थ असा होतो की समोर अडथळा आला तर आणखी जोराने रेटा.

काकांना ही बांधाबांध पहिल्यापासून पटलेली नव्हती. बँकरवर वेगळा ड्रायव्हर असायचा, ते म्हणाले. त्याला पुढचं काही दिसायचं नाही. पुढच्या इंजिनाची शिट्टी, बफरचा आवाज आणि स्वतःच्या इंजिनाचा श्वास, एवढ्यावर तो रेग्युलेटर उघडायचा नि मिटायचा. "एका हातान दोन इंजिनां?" असं म्हणून त्यांनी मान हलवली, ती मला अजून दिसते.

बँकरचा पत्ता सोडवला. त्याची भार ओळखून जोर लावायची सोय बंद केली, म्हणजे अडलं की त्याचा वेग पडतो, तो जोर वाढवून रेटत नाही. आणि त्याचा कंट्रोलर भाचीच्या हातात दिला. पुढचं इंजिन माझ्याकडे. मधे प्लास्टरचा डोंगर, तिला माझी गाडी दिसत नाही. शिट्ट्या आपसात ठरवल्या: निघताना लांब, हात आखडायला दोन आखूड. पहिल्या दिवशी ती माझ्या चुका ऐकत होती, तिसऱ्या दिवसापर्यंत नुसत्या मोटरच्या आवाजावरून ओळखायला लागली की वळणात माझा वेग पडतोय.

मग काकांनी पूर्ण कामच हातात घेतलं. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्याकडे नीलची गोळ्याची यंत्रं असायची. दोन स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली, आणि पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा सुटत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडं ड्रायव्हरच्या हातात. हातात गोळा नाही, तर गाडी हलणार नाही. आम्ही लाकडी मण्यांचे गोळे केले, प्रत्येक टप्प्याचा रंग वेगळा, आणि कुळे व कॅसलरॉकच्या टेबलांवर दोन खोकी. मी त्यांना विजेच्या कुलपाने जोडलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत समाधानाचं वायरिंग ते.

याने गाडी चालवण्याची रीतच बदलली. कुळ्याला गाडी थांबते, पाणी घेते, बँकर मागे लागतो, काका ब्रेक तपासतात, मग गोळा सुटतो, सिग्नल पडतो. वर गेल्यावर बँकर सुटतो आणि एकटा खाली परततो. त्यालाही गोळा लागतोच, म्हणजे तोवर खालची दुसरी गाडी थांबून राहणार. उतरणीला, सुटलेली गाडी अडवायच्या आपत्कालीन साइडिंगचा सांधा नेहमी साइडिंगकडेच लावलेला. गाडी आधी पूर्ण थांबवून दाखवायची, तेव्हाच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. आधी आम्ही तासाभरात वीस फेऱ्या मारायचो. आता तासाला चार गाड्या होतात आणि चौघांना घाम फुटतो. गतीही खाली आली, आणि गती खाली आल्यावर वळणाचा उरलासुरला त्रास संपला.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा गाड्या चढवल्या. हायग्रोमीटर ९० वर. खोलीत बावीस माणसं, त्यांच्या श्वासाने तो आकडा आणखी वर गेला असणार. एकदा कपलिंग सुटलं, घसरण नाही. काकांची धाकटी नात पुलासमोर गाल टेकवून बसली होती. नववी वाघीण तिच्या नाकासमोरून अकरा वेळा गेली.

एमडीएफचा तुकडा डिसेंबरात काढला. त्याजागी मरीन प्लाय बसवला, आधी पंधरा दिवस त्याच खोलीत उघडा ठेवून, आणि सगळ्या कडांना पॉलियुरेथेनचे दोन हात देऊन. भिंत आणि पाया यांत आता चार बोटांची मोकळी जागा आहे. भाचीच्या वहीत आता घसरणींचं पान वेगळं आणि कागदांचं पान वेगळं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सात जोडांवर पट्टी टेकवते. जानेवारीत बाहेरच्या रुळाला एक कागद, मार्चला एक, जूनच्या पहिल्या रविवारी दोन. जुलैचा रविवार अजून यायचा आहे.